गालावर पारखलेला ब्रश

मित्रांनो, मी दाढीचा एक जुना ब्रश आहे. माझ्या लाकडी मुठीचा लाल रंग उडाला आहे आणि केसही पूर्वीइतके दाट राहिलेले नाहीत. तरी अजून कुणी कोमट पाण्यात बुडवलं तर मी छान फुलतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला हातात धरलंही नसेल. हल्ली डबा दाबला की आयता फेस बाहेर येतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच. ज्या गुणामुळे मी दहा वर्षं एका दुकानात धूळ खात पडलो, त्याच गुणामुळे पुढे एका घरात माझा जीव रमला. तो गुण म्हणजे मऊपणा.

मी घोड्याच्या आयाळीत होतो तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. वारा तेवढा आठवतो. नंतर दूर उत्तरेकडच्या एका गावात बायकांनी आम्हा केसांना धुतलं, वाळवलं, लांबीप्रमाणे निवडलं, जुडी बांधली आणि सरस लावून मुठीत बसवलं. फिरत्या विक्रेत्याच्या पेटीतून मी लातूरला आलो. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. व्यापार मोठा, पण कचेरीचं कुठलंही महत्त्वाचं काम असलं की माणसांनी एसटी धरून उस्मानाबाद गाठायचं. हे गुरुपादप्पांना फार लागायचं.

गुरुपादप्पा म्हणजे माझे मालक. गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. आरसे, फण्या, साबण, वस्तऱ्याची पाती, तुरटी, सुया, बटणं, सगळं तिथे मिळायचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. विक्रेत्याच्या पेटीत डुकराच्या केसांचेही ब्रश होते. त्यांना गुरुपादप्पांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मला हातात घेऊन त्यांनी आधी एकच चौकशी केली. केस जनावर मारून काढले की जित्त्याचे कापले, असं त्यांनी दोन-दोनदा विचारलं. जिवंत घोड्याची आयाळ कातरली आहे अशी खात्री पटल्यावरच आम्ही चार भावंडं फळीवर चढलो. बाकीचे ब्रश नायलॉनचे होते. ताठ, पांढरेशुभ्र आणि स्वतःवर फार खूश.

ते बाहत्तर साल होतं. विहिरींचे तळ दिसू लागले होते. खेड्यापाड्यांतली माणसं रस्त्याच्या कामांवर खडी फोडत होती. पाणी इतकं जपून वापरावं लागे की दाढीला वाटीभर मिळालं तरी चैन वाटायची. त्या दिवसांत ब्रश घ्यायला येणारा माणूस वस्तू टिकाऊ आहे का, हे आधी बघायचा. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चूक होती ती पारखण्याच्या रीतीत. आमच्याकडे केरसुणी निवडायची तर ती तळहातावर आपटून बघतात, तसाच दाढीचा ब्रशही लोक तळहातावर घासून बघायचे. खडी फोडून घट्टे पडलेला तळहात तो! त्यावर नायलॉन खरखरला की गिऱ्हाइकाची मान डोलायची. मला घासलं की त्याला काहीच जाणवायचं नाही. मग तो मला परत ठेवायचा आणि म्हणायचा, ह्यात तर जीवच न्हाई.

ब्रश लावायचा असतो गालाला, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये याचं मला नवल वाटायचं. खुद्द गुरुपादप्पाही त्यातलेच. ते स्वतः सगळ्यात ताठ ब्रश वापरायचे आणि भांडं घासावं तसा चेहरा घासायचे. दाढी, मग अंघोळ, मग लिंगपूजा आणि मग दुकान, हा त्यांचा कधी न मोडणारा क्रम होता. तुकतुकीत दाढी केल्याशिवाय ते पायरीवर पाऊल टाकत नसत. मऊ माल टिकत नसतो, असं ते मला उचलून गिऱ्हाइकांना सांगायचे. माझं एक भावंड शिंप्याने मशीन झटकायला नेलं. दुसरं एका कारकुनाने डिंक लावायला नेलं, तिसरं कुठे गेलं कळलंच नाही. उरलो मी. दुष्काळ सरला, पाऊसपाणी झालं, फळीवर नवा माल आला, आणि मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकलो.

मित्रांनो, वापरून झिजण्यात दुःख असतंच, पण कुणीच न वापरण्यात जास्त असतं. मला वाटू लागलं होतं की लोक म्हणतात तेच खरं असावं, माझ्यात खरोखरच जीव नसावा.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुकान उघडलंच नाही. घर दुकानाच्या मागेच होतं, त्यामुळे आतले आवाज मला ऐकू यायचे. धावपळ झाली, रिक्षा आली, रडणं ऐकू आलं. गुरुपादप्पांना लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय आणि चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. जीव वाचला, पण तोंड वाकडं झालं आणि बोलणं लडबडलं. गल्लीच्या टोकाला जाणारा तो आवाज आता खोलीच्या दारापर्यंतही धड पोचत नव्हता.

घरात आता तिघंच जण होते. गुरुपादप्पांची पत्नी गौरम्मा काही वर्षांपूर्वीच वारून लिंगैक्य झाल्या होत्या. मुलगा शिवमूर्ती तहसील कचेरीत कारकून होता. सून शिवकांता निलंग्याकडची. लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी सासऱ्यांसमोर ती पदर नाकापर्यंत ओढूनच यायची, ताट ठेवायची आणि निघून जायची. बोलायचं असलं तर दाराआडून. गुरुपादप्पांनी तिचा चेहरा लग्नानंतर नीट पाहिला असेल की नाही, कुणास ठाऊक. त्या घरात तो मानच समजला जायचा.

दाढी करायला साहेबराव न्हावी घरी आला. गल्लीतल्या निम्म्या लोकांची डोकी त्याच्या हातात होती. माणूस चांगला, हात सफाईचा, पण ब्रश नायलॉनचा आणि सवय जोरात घासण्याची. लकव्याने गुरुपादप्पांच्या उजव्या गालाची विचित्र गत केली होती. हळू हात लागला तर त्यांना कळायचं नाही आणि जोरात लागला तर अंगार ठेवल्यासारखी आग व्हायची. साहेबरावने ब्रश फिरवताच ते ओरडले, डाव्या हाताने वाटी उडवली आणि तिचा काठ साहेबरावच्या कपाळाला लागला. तो सामान आवरून निघून गेला. पुढे शिवमूर्तीने दोनदा प्रयत्न केला. बापाच्या तोंडाला हात लावायचा म्हणून तोच इतका अवघडला होता की दोन्ही वेळा त्याने अर्ध्यावरच ब्रश खाली ठेवला. शेवटी, वाढू द्या दाढी, कोण बघतंय, असं म्हणून त्याने नाद सोडला.

गुरुपादप्पांनी ते शब्दशः घेतलं. कुणी बघायलाच नको म्हणून त्यांनी खोलीबाहेर येणं बंद केलं. भेटायला आलेल्या व्यापाऱ्यांना दारातून परत पाठवलं. आरसा भिंतीकडे फिरवला. दाढीचं जंगल झालं, त्यात जेवणाचे कण अडकायचे. अंघोळ आणि पूजा त्यांनी सोडली नाही, पण पूजेला बसतानाही मान खाली असायची. जेवण निम्म्यावर आलं. वैद्य म्हणाले, औषध चाललंय पण माणसानं मन सोडलंय, असंच राहिलं तर दिवाळी बघतील असं वाटत नाही. शिवकांताने हे दाराआडून ऐकलं.

याच दिवसांत लातूरचा जिल्हा होणार हे नक्की झालं होतं. शिवमूर्तीला नव्या जिल्हा कचेरीत घेतलं होतं आणि उस्मानाबादहून येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यांत तो दिवसभर गाडलेला असायचा. ज्या गोष्टीसाठी गुरुपादप्पांनी आयुष्यभर चारचौघांत घसा कोरडा केला, ती दारात आली होती आणि ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. याचं शिवकांताला फार वाईट वाटायचं.

एका दुपारी सासरे झोपलेले असताना ती मागच्या दाराने दुकानात आली. दुकानाच्या दाराची एक फळी तिने जरा सरकवली, तेवढा उजेड आत आला. तिने सगळे ब्रश खाली घेतले आणि एकेक तळहातावर घासून बघू लागली. रीत तीच! राखेने भांडी घासून तिचा तळहातही राठ झालेला. मी हिरमुसलो. म्हटलं, ही पण मला मागे ठेवणार. ती थांबली, जरा विचारात पडली. मग तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि नायलॉनचा ब्रश स्वतःच्या गालावर ओढला. तिचे डोळे चटकन मिटले. दुसरा ओढला, तिसरा ओढला. गाल लाल झाला. शेवटी तिने फळीच्या भिंतीकडच्या टोकाला हात घातला आणि मला बाहेर काढलं. धूळ फुंकली आणि मला हळूच गालावरून, मग डोळ्याच्या पापणीवरून फिरवलं.

कुणाच्या गालाला लागण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. ती बराच वेळ मला गालाला लावून बसली आणि रडली. मी तिचे अश्रू टिपले. पुढे साबणाचे कितीतरी फेस मी केले, पण त्या ओलाव्याची सर कशालाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला कोमट पाण्यात भिजवलं, वाटीत दाट फेस केला आणि सगळं सासऱ्यांच्या डाव्या हाताशी ठेवून नेहमीप्रमाणे दाराआड गेली. गुरुपादप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण ओठाचा चांगला कोपरा किंचित हलला. मग त्यांनी मला उचललं आणि भीत भीत उजव्या गालाला लावलं. ते आगीची वाट बघत होते. आग झाली नाही. त्यांनी पुन्हा लावलं. पण त्या गालाला मी लागतो आहे हेच त्यांना कळेना. फेस कानात गेला, मिशीवर गेला, हनुवटी कोरडीच राहिली. त्यांनी चाचपडत आरसा फिरवला, आत बघितलं, आणि मला भिरकावून दिलं. मी खाटेखाली जाऊन पडलो.

शिवकांताने मला उचललं, धुतलं आणि केस खाली करून खिळ्याला टांगलं. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. तिच्यासमोरचा पेच मला कळत होता. फेस लावायचा तर कुणीतरी समोर बसून बघत लावला पाहिजे. मुलगा घरी नसतो, न्हाव्याची धास्ती बसलेली. उरली ती. आणि सुनेने सासऱ्याच्या चेहऱ्याला हात लावणं तर सोडाच, चेहऱ्याकडे बघणंही त्या घरात होत नव्हतं. शेजारच्या उमादेवींच्या कानावर गेलं तर गल्लीत तोंड काढणं कठीण. उमादेवी वाईट नव्हत्या, पण गल्लीत काय चालतं आणि काय चालत नाही, हे ठरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आणि सासऱ्यांनाच अपमान वाटला तर? हे भय सगळ्यात मोठं होतं. तिला त्यांना वाचवायचं होतं, आणि वाचवायला जाऊन ती त्यांना कायमची दुखावणार होती की काय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

सकाळी शिवमूर्ती कचेरीत गेल्यावर ती वाटी आणि मला घेऊन आत आली. या वेळी ती दाराआड गेली नाही. खाटेसमोर पाटावर बसली. तिने आरसा उचलून बाहेर ठेवला. मग तिचा हात पदराकडे गेला आणि तिने तो मागे सारला. मग मला वाटीत बुडवून ती फेस करू लागली.

“मामा, आरसा नगं आपल्याला,” ती म्हणाली. “मी हाय न समोर. मी बघते.”

गुरुपादप्पा तिच्याकडे बघत राहिले. बाहेर गल्लीत कुणी जिल्ह्याच्या कमानीसाठी बांबू ओढत नेत होतं, त्याचा खरखराट तेवढा ऐकू येत होता. मग त्यांनी डोळे मिटले आणि मान जरा वर केली. हनुवटी पुढे आली.

मी त्या गालाला लागलो. मित्रांनो, नायलॉनचे ब्रश ताठ मानेने काम करतात. मला ते जमत नाही. मी वाकतो, दबतो, खळगा असेल तिथे शिरतो. तो वाकडा ओठ, तो ओघळलेला गाल, सगळीकडे मी तिच्या बोटांच्या चालीने फिरलो आणि कुठेही आग झाली नाही. गुरुपादप्पांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन फेसात उतरत होतं. ती फेस वाढवत राहिली.

साहेबरावला तिने आधीच निरोप धाडला होता. तो दारात घुटमळत उभा होता. आत येऊन त्याने वस्तरा चालवला, तर इतकी मुरलेली दाढी लोण्यासारखी उतरली. कपाळाचा वण दाखवून तो हसला, आणि गुरुपादप्पांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. त्यानंतर ठरूनच गेलं. फेस शिवकांताने लावायचा, वस्तरा साहेबरावने फिरवायचा. शिवमूर्तीलाही ते कळलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जायच्या आधी पाणी त्याने तापवून ठेवलं.

ऑगस्टात जिल्हा झाला. गंजगोलाईत कमानी, पताका, भोंगे, माणसांची दाटी. त्या सकाळी गुरुपादप्पा दाढी, अंघोळ, पूजा आटोपून मुलाच्या आणि साहेबरावच्या खांद्यावर हात टाकून दुकानाच्या पायरीवर आले आणि खुर्चीवर बसले. चेहरा तुकतुकीत, भस्म ताजं, तोंड वाकडं ते वाकडंच. ओळखीचे व्यापारी मिरवणूक सोडून त्यांच्या पाया पडायला आले. गर्दीत उमादेवीही आल्या. बातमी त्यांना कधीच लागली होती. सुनेनं सासऱ्याच्या तोंडाला हात लावायचा, हे काय चालवलंय, असं त्यांनी शिवकांताला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. शिवकांता मान खाली घालून आत वळली.

गुरुपादप्पांनी काठी आपटली. महिन्यांमागून महिने न बोललेला माणूस. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. सगळे थांबले.

“माय... हाय ती... माझी,” ते म्हणाले.

उमादेवींनी पदर सावरला. जरा वेळाने त्याच आत जाऊन शिवकांताला चहा टाकू लागल्या.

दुकान पुन्हा उघडलं. गुरुपादप्पा खुर्चीवर बसायचे आणि शिवकांता पदर डोक्यावर ठेवून, पण चेहरा उघडा ठेवून गिऱ्हाईक बघायची. माझी ती सगळ्यात सुखाची वर्षं. रोज सकाळी कोमट पाणी, फेस, आणि नंतर तीन बोटांनी हलकेच पिळून केस खाली करून टांगणं. तिने मला कधी ओला ठेवला नाही, म्हणून तर मी आजवर राहिलो.

जिल्हा जुना होऊ लागला तेव्हा एका पहाटे गुरुपादप्पा झोपेतच गेले. रीतीप्रमाणे त्यांना अंगणात भिंतीला टेकवून बसवलं. जंगम स्वामी आले, नातेवाईक आले, अंत्ययात्रेचं फुलांचं विमान सजू लागलं. अंघोळ घालायच्या आधी दाढी करावी म्हणून साहेबराव पुढे झाला. तेवढ्यात शिवकांता आतून आली. तिच्या हातात कोमट पाण्याची वाटी होती आणि मी होतो. सगळ्या गोतासमोर तिने पदर मागे सारला, सासऱ्यांसमोर पाटावर बसली आणि फेस करू लागली. त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही.

गाल थंड होता. ती मला नेहमीसारखीच फिरवत होती, उजव्या बाजूला आणखी हळू, जणू आग होईल. ऊन चढत होतं, मंडळी खोळंबली होती. साहेबराव वाकून हळू आवाजात म्हणाला,

“वैनी, जरा बिगी बिगी करा. त्यास्नी आता काय कळतंय?”

“त्यास्नी न्हाई कळत,” शिवकांता म्हणाली. “मला कळतंय न.”

साहेबरावने वस्तरा मिटला, डोक्यावरची टोपी काढली आणि तिचं होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे. मला वापरलंत तर धुवून, पिळून, केस खाली करून ठेवा. मी तुम्हाला पुष्कळ वर्षं पुरेन. आणि तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून निजलं असेल, तर त्यांच्यासमोर जाऊन बसा. पाणी कोमट घ्या. घाई करू नका.